नशेतून आलेला पैसा आणि नशामुक्तीचे काम

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



वर्षभरातील कामाचा तपशील आणि लेखापरीक्षित ताळेबंद आपल्या हाती असलेल्या अहवालात छापला आहे. तो येथे पुन्हा वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आज एकाच विषयावर बोलावयाचे आहे, आणि तो विषय एका पत्रामुळे आमच्यासमोर आला.

गेल्या पावसाळ्यात संस्थेकडे एका व्यावसायिक गृहस्थांचे पत्र आले. त्यांचा व्यवसाय मद्यविक्रीचा, रीतसर परवान्याचा. रुग्णालयाच्या नव्या कक्षासाठी भरघोस देणगी देण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती आणि कक्षाला आपल्या दिवंगत वडिलांचे नाव असावे, एवढीच अपेक्षा ठेवली होती. त्यात बेकायदेशीर असे काहीही नव्हते. पत्राची भाषाही अत्यंत नम्र होती. तरीही या एका पत्रावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या आणि त्या शांततेत झाल्या असे म्हणता येणार नाही. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "रोग्याला सलाइन लावताना ती बाटली कोणाच्या पैशाची, हे आपण विचारतो का?" त्यावर आमच्या एका भगिनींनी उत्तर दिले, "नाही विचारत. पण जी बाई नवऱ्याला रात्री रिक्षात घालून आणते, तिने दारावर तेच नाव वाचायचे का?" दोघांचेही म्हणणे आम्हांस पटले आणि अडचण तेथेच सुरू झाली.

या प्रश्नाचा आमच्या रोजच्या कामाशी काय संबंध, हे सांगितले पाहिजे. आपले गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आणि राष्ट्रीय महामार्गावर वसलेले. अपघाताचे रुग्ण आपल्याकडे नित्य येतात. मांडीचे हाड मोडलेला एखादा तिशी-पस्तिशीतला माणूस दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या दाखवू लागतो, ज्या तेथे नसतातच. सलाइनची सुई उपटतो, वजन लावलेल्या पायावर उभा राहू पाहतो. नातेवाईक म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी अंगारा आणावयास धावतो. वस्तुतः दाखल झाल्यामुळे त्याची रोजची दारू एकाएकी सुटलेली असते आणि मेंदू त्याचा हिशेब मागत असतो. ही अवस्था वेळीच ओळखली नाही तर माणूस हाड मोडल्याने नव्हे, तर या वाताने दगावू शकतो. ओळखली तर उपचार महाग नाही. योग्य मात्रेत शामक औषध, ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन, आणि रात्रभर उशाशी बसणारे एक शहाणे माणूस. या तिघांपैकी तिसरी गोष्टच दुर्मिळ आहे.

हा माणूस दहा-बारा दिवसांत प्लास्टर घेऊन घरी जातो. हाडाची तारीख त्याच्या कागदावर लिहिलेली असते, दारूची तारीख कोणीच लिहीत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जा, असे आम्ही सांगतो. त्यासाठी मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय गाठावयाचे, अथवा रेल्वेने अकोल्याकडे किंवा जळगावकडे जावयाचे. पाय मोडलेला, मजुरी बुडालेला माणूस किती वेळा जाईल? आम्ही त्याला दोष देत नाही. दोष असेल तर तो 'जा' म्हणून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांचा अधिक.

हे केवळ मलकापुरातच घडते असे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० मध्ये एक. अफूजन्य पदार्थांमुळे, म्हणजे अफू, हेरॉईन आणि वेदनाशामक गोळ्या यांमुळे, मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख होते. दारू विकण्याची व्यवस्था गावोगावी आहे, उपचाराची मात्र जिल्ह्याच्या गावी, हे या आकड्यांचे साधे मराठी भाषांतर होय.

पत्राचा विचार करीत असताना आमच्यापैकी एका डॉक्टर सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एक प्रकरण मंडळापुढे ठेवले. ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण नशेतून आलेला पैसा उपचाराकडे वळविण्याचा एवढा मोठा प्रयोग अन्यत्र झालेला आम्हांस ठाऊक नाही.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने 'ऑक्सिकॉन्टिन' ही अफूजन्य वेदनाशामक गोळी अमेरिकेच्या बाजारात आणली आणि तिची सवय क्वचितच लागते, असा प्रचार डॉक्टरांमध्ये केला. पाठदुखीपासून सुरू झालेली गोळी पुढे हेरॉईनपर्यंत आणि नंतर फेंटानिलपर्यंत घेऊन गेली. १९९९ पासूनच्या सुमारे पाव शतकात तेथे अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने सात लाखांहून अधिक माणसे मेली. तीन हजारांहून अधिक शासनांनी, ज्यांत राज्ये होती तशाच लहानमोठ्या नगरपालिका व काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या संस्थाही होत्या, औषध बनविणाऱ्या, पुरविणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. २०२१ मध्ये तीन मोठ्या वितरक कंपन्यांनी १८ वर्षांत २१०० कोटी डॉलर आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ५०० कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. नंतरच्या तडजोडी धरून ही रक्कम ५००० कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

पैसा मिळाला, पुढे काय? येथे त्या लोकांना एक जुनी ठेच आठवत होती. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी असाच करार केला होता. पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर मिळावयाचे होते. परंतु तो पैसा कशावर खर्च करावा याचे बंधन करारात नव्हते. तो रस्त्यांत, कर्जफेडीत, अंदाजपत्रकातील तूट भरण्यात विरघळला आणि तंबाखू प्रतिबंधाच्या वाट्याला त्यातला अगदीच लहान तुकडा आला. म्हणून या वेळी वितरक कंपन्यांबरोबरच्या करारात लिहून ठेवले गेले की किमान ८५ टक्के रक्कम या साथीच्या निवारणावरच खर्च झाली पाहिजे. कशावर करावी याची यादीही जोडली: अतिमात्रेवर उतारा असलेले नॅलोक्सोन, मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांनी दीर्घकाळ उपचार, व्यसनाधीन गर्भवतींची काळजी, तुरुंगातील कैद्यांना उपचार, शाळांतून प्रतिबंध.

एवढे करूनही काही ठिकाणी या पैशातून पोलिसांच्या गाड्या घेतल्या गेल्या, तुरुंगात अंगझडतीची यंत्रे बसली, आधीपासून चालू असलेल्या खर्चालाच नवे नाव देऊन जुना निधी दुसरीकडे वळविला गेला. 'निवारण' हा शब्द रुंद आहे, त्यातून गाडीही आत जाते! याउलट नॉर्थ कॅरोलायना या राज्याने ८५ टक्के वाटा थेट स्थानिक संस्थांना दिला आणि त्याबरोबर अट घातली की प्रत्येक संस्थेने ठराव करून कोणत्या कामावर किती खर्च करणार हे जाहीर करावे आणि झालेला खर्च लोकांसमोर मांडावा. आम्हांस या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट. रक्कम किती मिळाली यापेक्षा ती कोणत्या पेटीत पडली आणि त्या पेटीला काच होती की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून राहिले.

त्या कंपनीच्या मालक घराण्याचे, सॅकलर कुटुंबाचे, नाव जगातील मोठमोठ्या संग्रहालयांच्या दालनांवर कोरलेले होते. पॅरिसच्या लूव्हरने ते २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०२१ मध्ये काढून टाकले. नामफलक बसविणे सोपे, उतरविणे किती अवघड, याची कल्पना धर्मादाय संस्था चालविणाऱ्या कोणासही येईल.

आता आपल्याकडे येऊ. असा निधी आपल्या कायद्यात नाही असे नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात पुढे १९८९ मध्ये दुरुस्ती होऊन 'राष्ट्रीय निधी' निर्माण करण्याची तरतूद आली. तस्करांची जप्त होऊन सरकारजमा झालेली मालमत्ता विकून येणारा पैसा त्यात जमा व्हावा आणि त्यातून इतर कामांबरोबर व्यसनाधीनांचा शोध, उपचार व पुनर्वसन यांचाही खर्च भागावा, अशी ती योजना. कल्पना अमेरिकेच्या तीस वर्षे आधीची. त्याच कायद्यात, अल्प प्रमाणातील पदार्थासह सापडलेला व्यसनाधीन स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेईल तर त्याच्यावरील खटला टळतो, असेही कलम आहे. हे कलम किती कुटुंबांना ठाऊक असेल? पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडून ठेवणारे आईवडील आम्ही पाहिले आहेत.

आणि एक सावधगिरीही येथेच नोंदवितो. अफूजन्य औषध म्हटले की ते वाईटच, अशी समजूत करून घेऊ नये. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला मॉर्फिनसारखे दुसरे औषध नाही, आणि ते मिळणे सुलभ व्हावे म्हणूनच या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. व्यसनाला लगाम घालताना वेदनेला लगाम बसू नये.

परंतु महाराष्ट्रापुढील मोठा प्रश्न जप्त मालमत्तेचा नव्हे, परवान्याच्या दारूचा आहे. राज्य उत्पादन शुल्काचा महसूल २०२३-२४ मध्ये २३ हजार कोटी रुपयांच्या आसपास होता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यातून आणखी सुमारे १४ हजार कोटी अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो, आणि एकत्रित निधीत गेलेल्या पैशाला गाव राहत नाही. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने गावातील महिलांना दुकान बंद करवून घेण्याचा अधिकार मिळाला, तो मोठाच अधिकार होय. पण दुकान चालू राहिले तर त्याच्या महसुलातून आमच्या गावात उपचार द्या, असे म्हणण्याची वाट मात्र त्यांना कोणी दाखविली नाही.

नगरपालिकेचा आणि दारूचा हा संबंध आजचा नव्हे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी ज्या संस्थेवर आहे तिने हा प्रश्न आपला मानावा, ही दृष्टी त्यांना जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी होती.

पैसा थोडा असला तरी योग्य जागी पडला तर काय होते, याचे उदाहरण मराठी माणसाला परके नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' पसरला, तोही अफूचाच अवतार. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' सुरू झाले. जागा शासनाची, पहिला पैसा समाजाचा आणि राबणारे हात आपुलकीचे, अशी ती जुळणी होती. रुग्ण घरी गेल्यावरही त्याला आणि त्याच्या पत्नीला धरून ठेवण्याची रीत तेथे पडली, हे त्याहून महत्त्वाचे.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे केवळ बंदीने भागत नाही हे ओळखून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने राज्य शासन व टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे जिल्हाव्यापी काम उभे केले. गावोगावी संघटना, आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी व्यसन उपचार क्लिनिक. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी या वादात आम्ही आज पडत नाही. ती असो वा नसो, तिसऱ्या रात्री मुंग्या पाहणारा माणूस आमच्या दारी येणारच. आम्ही गडचिरोलीकडून घेतो ते तालुक्याच्या क्लिनिकचे सूत्र. रुग्णाने घाट चढून जाण्यापेक्षा उपचार त्याच्या बाजाराच्या गावी यावा.

बंधू-भगिनींनो, पैसा बांधून ठेवता येत नाही, असे शासनातील अधिकारी नेहमी सांगतात. या सभेतील प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक आहे की तो बांधता येतो, कारण आपला पैसा बांधलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकावी लागते, दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. सुरुवातीस आम्हीही कुरकुर केली होती, हे मोकळेपणाने कबूल करतो. परंतु त्या वेगळ्या खात्यामुळेच कितीतरी शस्त्रक्रिया पैशाअभावी थांबल्या नाहीत. जो नियम एका तालुक्याच्या रुग्णालयाला पाळता येतो तो राज्याला का पाळता येऊ नये? मद्याच्या महसुलातील दोनच टक्के वेगळे काढले तर २०२३-२४ च्या हिशेबाने ते ४०० कोटींहून अधिक होतात. ते जिल्ह्यांना आणि तेथून नगरपरिषदा व पंचायतींना, ठराव व जाहीर हिशेबाच्या अटीवर मिळावेत, असे निवेदन संस्थेच्या वतीने शासनास पाठविण्याचे आम्ही ठरविले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातील स्थानिक संस्थांच्या मार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. आरोग्याचा पैसा नगरपरिषदेच्या हातून जाऊ शकतो, हे त्यावरून दिसतेच.

मात्र शासनाला उपदेश करणाऱ्याने प्रथम आपली पेटी दाखवावी. म्हणून त्या पत्राकडे परत येतो.

पुष्कळ चर्चेअंती मंडळाने दात्यांना असे कळविले. कक्षासाठी ही देणगी स्वीकारता येणार नाही. 'व्यसनोपचार निधी' या नावाने वेगळे बँक खाते उघडून त्यात ती आनंदाने स्वीकारू. नामफलक लागणार नाही, अहवालात मात्र पावती क्रमांकासह नोंद राहील. या खात्यातून इमारत, वाहन, जाहिरात अथवा समारंभ यांवर एक रुपयाही खर्च होणार नाही. प्रशिक्षित समुपदेशकाचे मानधन, महिन्यातून ठरलेल्या दिवशी येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचा प्रवासखर्च, औषधे, आणि पुन्हा तपासणीस येणाऱ्या गरीब रुग्णाचे एस.टी. भाडे एवढ्याचसाठी तो वापरला जाईल. भाड्याच्या कलमावर आमच्या खजिनदारांनी आक्षेप घेतला होता. पण उपचार तुटतो तो बहुधा त्या भाड्यापाशीच, म्हणून ते कलम ठेवले. दर तीन महिन्यांचा जमाखर्च बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर, केसपेपरच्या खिडकीशेजारी, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत लावला जाईल. दात्यांचा व्यवसाय आणि आमचे काम यांत कधी विरोध आला, तर देणगी मिळाली म्हणून आम्ही गप्प बसणार नाही, हेही पत्रात लिहिले आहे.

दात्यांनी पत्र पोचल्याचे कळविले आहे आणि विचारास अवधी मागितला आहे. आजच्या तारखेस ती रक्कम संस्थेकडे आलेली नाही. ती येईल न येईल. दोन्ही शक्यता धरून मंडळ आपणांपुढे ठराव मांडीत आहे की, आठवडी बाजाराच्या दिवशी चालणारा व्यसनोपचार बाह्यरुग्ण विभाग दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारापासून सुरू करावा, पहिल्या तीन महिन्यांचा खर्च सर्वसाधारण निधीतून भागवावा, अस्थिरोग व वैद्यकीय कक्षात दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णास दारू, तंबाखू व गोळ्यांविषयी पहिल्याच दिवशी विचारून त्याची नोंद केसपेपरवर घ्यावी, आणि घरी जाताना हाडाच्या तारखेखाली या विभागाची तारीखही लिहून द्यावी. दरम्यान ज्यांना आजच मदत हवी आहे त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक आजपासून प्रवेशद्वारावर लावला आहे.

ठरावाच्या प्रती आपणांस वाटल्या आहेत. ज्यांना दुरुस्ती सुचवावयाची असेल त्यांनी चहापानापूर्वी कार्यवाहांकडे लेखी द्यावी. मतदान त्यानंतर घेऊ.